वजावट

लांबी एकेचाळीस मीटर, उंची दोन पॉइंट चार.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं इलाही पेंटरच्या.
मधे आंबिल ओढ्याचा वास
आणि अकराचं ऊन.

मोजमाप पुस्तकात मी लिहिलं:
पृष्ठभाग घासून, प्रायमरचा एक हात,
रंगाचे दोन हात देऊन चित्र काढणे,
कलाकाराच्या मजुरीसह, पूर्ण.
एकक चौरस मीटर.

दराची फाइल त्याआधी चार टेबलं फिरली.
दरसूचीत डिस्टेंपर आहे, चुना आहे,
दुभाजकाचे काळेपिवळे पट्टे आहेत.
चित्र नाही.
शेवटी साहेब म्हणाले, सूचनाफलकाचा दर लावा.

इलाही हसला.
याच भिंतीवर वीस वर्षांपूर्वी
महापालिकेनंच त्याच्याकडून लिहून घेतलं होतं,
'येथे कचरा टाकू नये. हुकमावरून.'
हुकूम अजून पुसट दिसायचा,
खाली कचरा ठळक.
मग फ्लेक्स आला,
इलाहीचे ब्रश रॉकेलच्या डब्यात वाळले.

वस्तीची बैठक नळापाशी झाली.
पोरांना क्रिकेट हवं होतं,
बचत गटाला स्वतःचे चेहरे,
माजी नगरसेवकांना कोपऱ्यात फक्त नाव,
म्हणजे तसं छोटंच, दोन फुटी.
पारूबाई कुचेकर सगळ्यांच्या शेवटी बोलली:
"ही भित म्हंजे माझ्या घराची पाठ.
ह्या अंगानं खिडकी न्हाई.
काढ एक."

आणि हातांनी माप दाखवलं.
एवढी.

त्यानं काढली.
चौकट निळी, जुन्या लुगड्याचा पडदा,
कठड्यावर स्टीलचा पेला, त्यात कंगवा.
घरातून ती दिसायची नाही.
नळाला वळसा घालून पारूबाई रस्त्यावर यायची,
पदराला हात पुसत
स्वतःच्या घरात डोकावायची,
मग परत वळसा.

मार्चात ऑडिटचा शेरा आला:
'छायाचित्रात एक खिडकी दिसून येते.
उघाड्याची वजावट घेतलेली नाही.
एक पॉइंट शून्य आठ चौ.मी. जादा अदा.
वसुली का करू नये?'

मी खुलासा लिहिला:
सदर खिडकी ही खिडकी नसून चित्र आहे.
वाचला, खोडला.
पुन्हा तोच लिहिला.

लेखापरीक्षक नाईकनवरे मॅडम जागेवर आल्या.
पर्स खांद्यावर मागे सारून
त्यांनी पेल्यावर हात ठेवला.
भिंत तापलेली होती.
हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला,
असं मला वाटलं. अहवालात ते येत नाही.
'खुलासा मान्य' एवढंच येतं.

दोषदायित्व कालावधी एक वर्ष.
अकराव्या महिन्यात पाहणीला गेलो,
तर पडद्याच्या जागी भोक.
आतून छिन्नी चालवलेली,
विटांच्या कडा ओबडधोबड, लालभडक,
आणि त्यातून फोडणीचा धूर
सरळ माझ्या मोजमाप पुस्तकावर.

"कोणी केलं?" मी विचारलं.
आतून परातीचा आवाज आला फक्त.
मग एका हातानं
खरा पेला कठड्यावर ठेवला,
रंगवलेल्या पेल्याच्या शेजारी.

नोंद केली तर इलाहीची पाच टक्के अनामत अडकणार.
त्याला फोन करून बोलावलं.
तो बराच वेळ नुसता बघत राहिला,
मान तिरकी, एक डोळा बारीक,
बाजूला माजी नगरसेवकांचं नाव
उन्हानं आधीच सोललेलं.

"अनामत गेली तर जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला,
"पण बाईनं दोन इंच डावीकडं फोडलीय."

आणि सायकलच्या हँडलचा डबा काढून
निळा घोटायला बसला,
चौकट सरकवायला.

टेप माझ्या खिशात होता.
वजावट आता खरीच निघत होती.
मी दुसरं टोक धरायला
कोणालाच हाक मारली नाही.